लग्नाची सीडी चालत नाही

वसईतल्या कितीतरी लग्नांचं नाव एकच आहे : एव्हीएसईक्यू झिरो वन डॉट डॅट. नवरा-नवरी वेगळे, चर्च वेगळं, हॉल वेगळा, बँडवाले वेगळे. पण सीडी कॉम्प्युटरात टाकली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा तोच फोल्डर आणि त्यात तीच फाइल. मुंजीचं नावही तेच, बारशाचंही तेच, साठीशांतीचंही तेच. दुसऱ्या सीडीवरही पुन्हा झिरो वनच, त्यामुळे दोन्ही सीडी एका फोल्डरात कॉपी करायला गेलं की रिसेप्शन लग्नावर चढून बसतं आणि लग्न पुसलं जातं.

हे नाव कुठल्या शूटिंगवाल्याने ठेवलेलं नाही. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे नियम ठरवले. त्या नियमांच्या पुस्तिकेला ‘व्हाइट बुक’ म्हणतात. फोल्डरांची नावं, फाइलींची नावं, चित्राचा आकार, आवाजाचा दर, सगळं त्यात ठरून गेलं. आपल्याकडच्या टीव्हीसाठी चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. आज तुमच्या फोनवर हे चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसेल. पण १९९३ मध्ये हा चमत्कार होता, आणि तो कसा घडला ते समजल्याशिवाय ‘फाइल चालत नाही’ या तक्रारीचा इतिहास लागत नाही.

गाण्यांची सीडी तेव्हा दहाएक वर्षं बाजारात होती. ती सेकंदाला साधारण १४ लाख बिट वाचते. वाचण्याचा हा वेग ठरलेला. प्रश्न असा होता, की एवढ्याच वेगात चित्रही बसवता येईल का? वर सांगितलेल्या आकाराचं चित्र जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला ३ कोटींवर बिट लागतात. हाताशी चित्रापुरते साडेअकरा लाख. म्हणजे सुमारे २६ पट दाबायचं. एमपेग नावाची समिती १९८८ पासून याच कामाला लागली होती. तिने काढलेली युक्ती आपल्या रोजच्या व्यवहारातली आहे : जे बदललं तेवढंच सांगायचं. स्टेजवर नवरा-नवरी बसलेत, मागचा पडदा हलत नाही, तर प्रत्येक वेळी पडदा पुन्हा कशाला काढायचा? एक चित्र पूर्ण साठवा, पुढच्या दहा-बारा चित्रांसाठी फक्त फरक नोंदवा, मग पुन्हा एक पूर्ण चित्र.

सीडीवर ओरखडा असला की नवरीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात, ते चौकोन अर्धा सेकंद तिच्याबरोबर सरकतात आणि मग अचानक सगळं स्वच्छ होतं. हे यामुळेच. मधला एक फरक वाचता आला नाही, की पुढची सगळी बेरीज चुकते, ती थेट पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत.

अमेरिकेत आणि युरोपात व्हिडिओ सीडी फारशी रुजली नाही. ती चालली चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे. तिच्याआधीची व्हीएचएस कॅसेट आमच्या खाऱ्या, दमट हवेत टिकायची नाही. दोन पावसाळे गेले की फितीवर पांढरी बुरशी, आणि ती बुरशी प्लेअरच्या हेडला लागली की पुढची कॅसेटही खराब. सीडीला बुरशीची तेवढी भीती नव्हती. तिच्या कॉप्या स्वस्तात निघत. प्लेअरही स्वस्त होते, आणि त्यांना ओरखड्यांचं वावडं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढे दहाएक वर्षं विरार ते भाईंदर पट्ट्यातल्या घराघरात टीव्हीखालच्या कपाटात फोटोच्या अल्बमशेजारी अशा दोन-तीन सीड्या येऊन बसल्या. वर जोडप्याचा फोटो, हृदयाचा आकार, तारीख.

आता त्या चालत नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला असल्याने आळीतल्या सीड्या माझ्याकडे येतात. कोडिंग करणाऱ्याला पंखाही दुरुस्त करता येतो असा आमच्याकडे समज आहे. ‘बाबा, तू कॉम्प्युटरातला ना, मग बघ जरा,’ एवढं बोलून लोक पिशवी ठेवून जातात. बरोबर एक कोडंही असतं : ‘जुन्या प्लेअरवर चालायची, कॉम्प्युटरवर का नाही?’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर व्हाइट बुकातच आहे.

सीडीवरची माहिती छोट्या-छोट्या कप्प्यांत असते. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट कामाचे, आणि त्यांच्यासोबत चुका दुरुस्त करणारे जादा बाइट. एक्सेलच्या फाइलीतला एक अंक चुकला तर पगार चुकतो, म्हणून ही काळजी. व्हिडिओ सीडी ठरवणाऱ्यांनी हिशेब केला, की चित्रातला एखादा ठिपका चुकला तर कोणाचं काय बिघडतं? त्यांनी दुरुस्तीचे २७६ बाइट काढून टाकले आणि तिथेही चित्रच भरलं. कप्पा २३२४ बाइटांचा झाला. म्हणून ६५० एमबीच्या सीडीवर सुमारे ७४० एमबीचा व्हिडिओ मावतो आणि ७४ मिनिटं भरतात.

ही काटकसर टीव्हीखालच्या प्लेअरला ठाऊक होती. कप्पा वाचता आला नाही तर तो खांदे उडवून पुढे जायचा. कॉम्प्युटरचा स्वभाव कारकुनाचा. एक कागद कमी असला तर तो अख्खं प्रकरण परत पाठवतो. तुम्ही फाइल कॉपी करायला लावता, हिरवी पट्टी ८३ टक्क्यांवर अडते, ड्राइव्ह कण्हायला लागतो आणि शेवटी ‘डेटा एरर’ येऊन आधीच्या ८३ टक्क्यांसकट सगळं पुसलं जातं. ती डॅट फाइलही खरं तर सीडीवर त्या रूपात नसते. विंडोज त्या कप्प्यांना ४४ बाइटांचं शीर्षक जोडून फाइल असल्याचा देखावा उभा करतं.

त्यामुळे इथे उपाय कॉपी-पेस्टचा नाही. आयसोबस्टर किंवा व्हीसीडीइमेजरसारखं साधन कच्चे कप्पे वाचतं. फसलेला कप्पा सोडून पुढे जायचं, एका ड्राइव्हला जमलं नाही तर दुसऱ्यात टाकायची, वेग कमी करून बघायचं. आणि एक गोष्ट, जी लोकांना सांगितली तरी पटत नाही : सीडीच्या खालच्या बाजूचे ओरखडे तेवढे घातक नसतात. तिथे जाड प्लास्टिक आहे, घासून गुळगुळीत करता येतं. चमकणारा थर असतो वरच्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली, वार्निशच्या पातळ पापुद्र्याखाली. हौसेने चिकटवलेला फोटोचा स्टिकर ओढून काढला की त्याबरोबर लग्नाची काही मिनिटं उचकटून हातात येतात. शूटिंगवाल्यांनी दिलेल्या सीड्या घरी बर्न केलेल्या असत, कारखान्यात छापलेल्या नव्हेत. त्यांच्यातला रंगाचा थर उन्हाने आणि काळाने उडतो. कपाटातली सीडी नुसती धरून पाहिली तर काहीच झालेलं दिसत नाही.

सिनेमाची फीत उजेडासमोर धरली की निदान दिसतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तोवर १९३१ चा ‘आलम आरा’ आपल्या हातून जवळपास निसटला होता, आज त्याची एकही प्रत नाही. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मात्र शिल्लक आहे. रीळ सापडलं, की ते कुजलेलं आहे का, चिकटलेलं आहे का, कोणत्या प्रसंगाचं आहे, हे डोळ्यांनी कळतं. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या फरशीत पोर्तुगीजांच्या थडग्यांचे दगड आहेत. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला त्याच्याही आधीचे. त्यांवरची अक्षरं रोमन लिपी येणारा कोणीही आज लावून वाचू शकतो. फाइल तशी वाचता येत नाही. तिला मध्ये दुभाषा लागतो. दुभाष्याला आपल्या धंद्यात कोडेक म्हणतात. आणि इथून पुढची गोष्ट दुभाष्यांच्या भांडणाची आहे.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये एव्हीआय नावाचा डबा आणला. डबा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. स्टीलचा चार पुड्यांचा डबा बाहेरून कोणाचाही सारखाच दिसतो. आत कोणाकडे वालाचं बिरडं, कोणाकडे बोंबील, ते झाकण उघडल्यावर कळतं. एव्हीआयच्या डब्यात कुठल्याही पद्धतीने दाबलेला व्हिडिओ भरता येतो. आत काय आहे हे सांगायला चार अक्षरांची एक चिठ्ठी असते. प्लेअर ती चिठ्ठी वाचतो, त्या नावाचा दुभाषा कॉम्प्युटरमध्ये शोधतो, नाही मिळाला तर हात वर करतो. आवाजाचा दुभाषा वेगळा. म्हणून कधी आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, तर कधी तोंडं हलतात आणि आवाज नाही.

मायक्रोसॉफ्टने पुढे एक चांगला दुभाषा तयार केला आणि स्वतःच्याच दुसऱ्या डब्यात बंद केला. एव्हीआयमध्ये तो चालू द्यायचा नाही, असं ठरवून. १९९८ च्या सुमारास फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या जेरोम रोता या तरुणाने ते कुलूप काढलं आणि तो दुभाषा सगळ्यांना मोकळा केला. नाव ठेवलं डिव्हएक्स, पुढे डोळा मारणारी खूण. अमेरिकेत तेव्हा डिव्हएक्स याच नावाने भाड्याच्या डिस्कची एक योजना चालू होती, तिची ही टवाळी. ती योजना १९९९ मध्ये बंद पडली, टवाळीचं नाव राहिलं. आता तीन सीड्यांचा सिनेमा एका सीडीत मावू लागला. पुढे डिव्हएक्सचं कंपनीत रूपांतर होऊ लागलं तेव्हा काही जणांनी बाहेर पडून २००१ मध्ये मोकळा कोडेक चालू ठेवला. नाव तेच, उलटं वाचलेलं : एक्सव्हिड.

नालासोपारा-विरारच्या सायबर कॅफेंमध्ये आणि स्टेशनसमोरच्या सीडीच्या दुकानांमध्ये यातलं राजकारण पोचलं नाही. पोचल्या फाइली. आणि त्यांच्या मागोमाग ‘कोडेक पॅक’. के-लाइट आणि तसलीच बाकीची गाठोडी. एक फाइल चालेना म्हणून एक पॅक, दुसरी चालेना म्हणून दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी कालपर्यंत चालणारीही बंद. यालाही साधं कारण होतं. विंडोजमध्ये प्रत्येक दुभाष्याला एक गुणांक दिलेला असे आणि ज्याचा जास्त त्याला काम मिळे. हा गुणांक कोण ठरवणार? दुभाषा बनवणाराच. मग प्रत्येकाने स्वतःला वरचे गुण दिले. नवा आलेला जुन्याला ढकलून खुर्चीवर बसायचा, काम येत असो वा नसो. महापालिकेच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आखातातून येणाऱ्या डीव्हीड्यांचा घोळ याहून वेगळा. वसईच्या ख्रिस्ती घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुवेत, बहरीन, दुबईला नोकरीला. तिथली डीव्हीडी इकडे चालायची नाही. डीव्हीडी काढणाऱ्यांनी जगाची वाटणी केली होती : आपण पाचव्या विभागात, आखात दुसऱ्यात, अमेरिका पहिल्यात. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा पाच वेळा. सहाव्यांदा तो कायमचा शेवटच्या विभागात अडकतो. सुट्टीला आलेल्या भावासाठी एकदा, तो गेल्यावर पुन्हा इकडच्या सिनेमासाठी एकदा, असं करत दोन-तीन नाताळात मुभा संपायची. हा बिघाड नव्हता, धंद्याचा नियम होता. घरच्या लग्नाच्या डीव्हीडीला असं विभागाचं बंधन सहसा नसे, पण ‘ड्राइव्ह लॉक झाला’ एवढंच कानावर पडलेला माणूस लग्नाचीही डीव्हीडी फेकून द्यायचा.

लग्नाच्या मूळ चित्रणाचं काय झालं, ही त्याहून वाईट हकिकत आहे. शूटिंगवाला छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रण करायचा आणि मिक्सिंगच्या दुकानात नेऊन द्यायचा. तिथे गुलाबाच्या पाकळ्या, उडती कबुतरं, एकाच्या डोळ्यांत दुसऱ्याचा चेहरा. हसू नका, त्या कबुतरांना तेव्हा मागणी होती. मिक्सिंगवाल्यांचं आवडतं सॉफ्टवेअर होतं कॅनोपस कंपनीचं एडियस. ते स्वतःच्या ‘कॅनोपस एचक्यू’ कोडेकमध्ये फाइली साठवायचं. उत्तम चित्र, पण डबा पुन्हा एव्हीआयचाच. पुढे कंपनी विकली गेली, दुकानं बंद पडली, कॅसेटी पुसून त्यांवर पुढच्या मोसमाची लग्नं चढली. एखाद्या घराने शहाणपणाने हार्ड डिस्कवर ‘ओरिजिनल’ मागून घेतलेलं असतं. ते आज उघडत नाही आणि सगळे म्हणतात, डिस्क गेली. डिस्क धडधाकट असते. दुभाषा नाही. तो अजून फुकट मिळतो, ग्रास व्हॅली या नावाखाली. फक्त त्याचं नाव माहीत असावं लागतं.

कधी कधी दुभाष्याला मुद्दाम घराबाहेर काढतात. इंडिओ हा इंटेलचा जुना कोडेक, नव्वदच्या दशकातल्या सीडी-रॉमवर सर्रास असायचा. त्यात सुरक्षेची भोकं सापडली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००९ च्या अपडेटमध्ये जुन्या विंडोजवर तो जवळपास बंदच करून टाकला. काल रात्री चाललेली फाइल सकाळी चालेना, आणि घरातलं पोर म्हणे, ‘मी काही केलं नाही.’ खरंच त्याने काही केलेलं नव्हतं. २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवायची सोयच गेली. प्रत्येक कॉम्प्युटरमागे पेटंटचे पैसे द्यावे लागतात आणि डीव्हीडी आता बघतं कोण, असा हिशेब. डीव्हीडीतल्या एमपेग-२ वरचं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं. तोवर नव्या लॅपटॉपांतून ड्राइव्हच गायब झाले होते.

या सगळ्या पसाऱ्यात एक नारिंगी-पांढरा शंकू उभा राहिला. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सॉँत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजात हॉस्टेलवरच्या पोरांना वेगवान नेटवर्क हवं होतं, त्यातला मोठा हेतू गेम खेळण्याचा. कॉलेज म्हणालं, पैसे नाहीत, कंपन्यांकडे मागा. एका कंपनीला नेटवर्कवरून टीव्ही दाखवण्याचा प्रयोग हवा होता. पोरांनी तो करून दाखवला : छपरावर डिश, खाली सर्व्हर, आणि खोल्याखोल्यांत ते चित्र दाखवणारा छोटा प्रोग्राम. तो प्रोग्राम म्हणजे व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ रोजी कॉलेजने तो मुक्त परवान्याखाली सोडायला परवानगी दिली. शंकू आला तो पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेल्या शंकूंच्या संग्रहातून.

व्हीएलसीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दुभाषे बाहेर शोधायचे नाहीत, सगळे बरोबर घेऊन फिरायचं. यातले बरेचसे एफएफएमपेग या प्रकल्पातून आले, जो फाब्रीस बेलार याने २००० मध्ये सुरू केला. आज यूट्यूबपासून फोनच्या ॲपपर्यंत व्हिडिओ हाताळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो कुठे ना कुठे राबतोय. दुसरी गोष्ट मूळ जन्मातून आलेली : नेटवर्कवरून येणाऱ्या व्हिडिओत तुकडे गळणारच, हे धरून हा प्लेअर बनला. त्यामुळे मोडकी फाइल दिली तरी तो टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरसारखा खांदे उडवून पुढे जातो. अर्धवट डाउनलोड झालेली फाइलही चालवतो. आमच्या पिढीला वाटायचं ही जादू आहे.

फेब्रुवारी २०२२ पासून याच व्हीएलसीची वेबसाइट भारतातल्या अनेक नेटवर्कांवर उघडेनाशी झाली. सरकारी आदेशाने बंद, पण आदेश जाहीर नाही, कारण सांगितलेलं नाही, प्लेअर बनवणाऱ्यांना नोटीस नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस पाठवली. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या आठ-नऊ महिन्यांत ज्याला घरच्या कॉम्प्युटरवर प्लेअर हवा होता, तो सर्चमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर येणाऱ्या कुठल्याही साइटवरून उतरवत होता. बंदी सुरक्षेसाठी असेल तर सुरक्षेचं काय झालं, हे ज्याचं त्याने समजावं.

मग फोन आले. नोकिया ६६०० च्या काळातल्या थ्रीजीपी फाइली : १७६ बाय १४४ ठिपके, चित्राला एक कोडेक, आवाजाला एएमआर नावाचा, खास फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. त्यावरही पेटंटं, म्हणून अनेक फुकट प्लेअर तो घेत नसत. मुका आजोबा दिसायचा, हातवारे करणारा. आजचं व्हीएलसी त्याला बोलतं करतं. जुन्या मेमरी कार्डांत अशा फाइली असतील तर फेकू नका.

एमपी४ चा आजार आणखी निराळा. जुलै २०१८ च्या ९-१० तारखांना वसई-विरारमध्ये पाणी भरलं. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद, वीज बंद. फोनवर शूटिंग मात्र चालू. आमच्या ओळखीतल्या एकाचा फोन शूटिंग करतानाच हातातून पाण्यात पडला. फोन मेला, कार्ड जगलं. कार्डावर ४०० एमबीची फाइल, पण कुठलाच प्लेअर तिला हात लावेना. व्हीएलसीसुद्धा नाही. कारण एमपी४ मध्ये सगळं चित्रण आधी लिहिलं जातं आणि कोणतं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर. थांबवायचं बटण दाबायच्या आतच फोन पाण्यात, म्हणजे अनुक्रमणिका लिहिलीच गेली नाही. हजार पानांचं पुस्तक आहे, पण पानांना आकडे नाहीत आणि शब्दांमध्ये जागाही नाही.

यावर एक सुंदर उतारा आहे. त्याच मॉडेलच्या फोनवर, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी कोणतीही धड फाइल घ्यायची. अनट्रंक नावाचा मुक्त प्रोग्राम त्या धड फाइलीवरून लिहिण्याची रीत शिकतो आणि मोडक्या फाइलीची अनुक्रमणिका पुन्हा बांधतो. आम्हाला तोच मॉडेल शेजारच्या बिल्डिंगमध्ये मिळाला. त्या फोनवर दहा सेकंद भिंतीचं शूटिंग केलं आणि त्या भिंतीच्या आधाराने पूर परत आणला. शेवटचं चित्र पाण्याचं आहे, आतून.

नव्या फोनच्या फाइली चालत नाहीत तेव्हा मात्र बहुधा काहीच मोडलेलं नसतं, कोणाला तरी पैसे हवे असतात. २०१३ चा एचईव्हीसी हा कोडेक निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवतो. आयफोन २०१७ पासून मुळातच त्यात शूटिंग करतो. पण त्यावरची पेटंटं एका छत्राखाली नाहीत, वसुली करणारे गट अनेक. म्हणून मायक्रोसॉफ्टने त्याचा दुभाषा विंडोजच्या स्टोअरमध्ये डॉलरला एक सेंट कमी, अशा किमतीला ठेवला. लॅपटॉपवर चुलतभावाने पाठवलेला व्हिडिओ काळा दिसतो तो या नव्व्याण्णव सेंटांसाठी. पैसे भरा, नाहीतर व्हीएलसी टाका. या वसुलीला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स वगैरेंनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ नावाचा बिनपैशाचा कोडेक आणला. तोही जुन्या कॉम्प्युटरवर अडखळतो, पण ते भांडण दमाचं आहे.

लोक म्हणतील, एका लग्नाच्या सीडीसाठी एवढा आटापिटा कशाला? नवरा-नवरीचे तर फोटो आहेत. खरं आहे. पण हल्ली मी या सीड्यांमध्ये नवरा-नवरी बघत नाही, त्यांच्या मागचं बघतो. शूटिंगवाल्याला मिनिटं भरायची असत, म्हणून तो घराभोवती कॅमेरा फिरवायचा. केळीची वाडी, पानवेलीचे मांडव, वाडीतली विहीर, गावातलं बावखल. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली ही गोड्या पाण्याची तळी वाड्यांना पाणी द्यायची आणि पावसाचं पाणी जिरवायची. अनेक बुजली, वर इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती ज्या हिरवळीसाठी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून भांडत होते, ती कशी दिसायची हे सांगणारं हलतं चित्र सरकारी दप्तरात कुठे असेल तर असेल. आमच्याकडे ते एव्हीएसईक्यू झिरो वनमध्ये आहे, ३५२ बाय २८८. २००९ मध्ये महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि या दोन्हींच्या आधीचा गाव या सीड्यांच्या पार्श्वभूमीत फुकटात चित्रित झालेला आहे.

आणि आवाज. कुपारी समाजाच्या लग्नांत म्हाताऱ्या बायका कादोडी बोलीत गाणी म्हणायच्या, लाल लुगडी नेसून, मांडवाच्या कडेला बसून. मिक्सिंगवाल्याने बहुतेक ठिकाणी हे गाणं कापून वर हिंदी सिनेमाचं गाणं घातलंय. पण कधी आळस म्हणून, कधी वेळ संपला म्हणून, कुठे कुठे मूळ आवाज तसाच राहिला आहे. व्हिडिओ सीडीत आवाज चित्राच्या तुकड्यांमध्ये पेरलेला असतो. त्याचे तुकडे लहान आणि प्रत्येक आपापला पूर्ण. म्हणून चित्राची बेरीज चुकते तेव्हाही आवाज पुष्कळदा तग धरतो.

सध्या माझ्या टेबलावर २००४ ची एक सीडी आहे, वरचा स्टिकर अर्धा निघालेली. तीन ड्राइव्ह लावून पाहिले. पहिली ५२ मिनिटं निघाली. मग विहिरीवरून पाणी आणायला बायका निघतात, कॅमेरा बावखलाच्या काठाने वळतो आणि स्टिकर उचकटलेला भाग येतो. अकरा सेकंद नुसते हिरवे-राखाडी चौकोन. त्या अकरा सेकंदांत गाणं तुटत नाही, मध्ये एकदा फक्त खरखरतं. मग चित्र परत येतं तेव्हा बायका विहिरीशी पोचलेल्या असतात. ज्यांची सीडी आहे त्या काकूंना एवढा तुकडा फोनवर पाठवला. गाणाऱ्यांमध्ये त्यांच्या सासूबाई आहेत म्हणाल्या, २००६ मध्ये गेल्या. शब्द मला सगळे लागले नाहीत. त्या लिहून देणार आहेत, रविवारी मिस्सा झाल्यावर.